शंभर रुपयांची दिवाळी

भुसावळ सोडून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच इथे १९६८ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे संच आले, मग ५०० मेगावॅटचे. गावाच्या नावातच दिवा, त्यामुळे इथे बाराही महिने दिवाळी असावी असं बाहेरच्याला वाटतं. खरी दिवाळी मात्र इथे तीन वेगवेगळ्या दारांनी येते. वसाहतीतल्या कायम कर्मचाऱ्याकडे ती सानुग्रह अनुदान होऊन येते. कोळसा आणि राखेच्या कामावरचा कंत्राटी मजूर ठेकेदाराच्या बोनसची वाट बघतो. आणि आजूबाजूच्या गावांतल्या पिवळ्या-केशरी कार्डवाल्या घरांत २०२२ साली ती रेशन दुकानातून पिशवी होऊन आली. किंमत, रुपये शंभर.

त्या पिशवीचं नाव ‘आनंदाचा शिधा’. आत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्णय घेतला तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. दीड कोटीहून अधिक कार्डधारक आणि सुमारे ५०० कोटींचा खर्च. भागाकार केला तर घरटी तीनशे रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे गरजू कुटुंबाच्या दिवाळीवर किती खर्च करायचा, या प्रश्नाला महाराष्ट्र सरकारने एक नेमका आकडा दिला होता.

हा आकडा ताटात कसा दिसतो? रव्याचे लाडू होतात, पण त्यांना तूप लागतं आणि ते पिशवीत नाही. चणाडाळ चक्कीवर नेऊन दळून आणायची, दळणाचे पैसे वेगळे. त्या बेसनाची शेव पडते, तळायला लिटरभर तेल आहे. चिवड्याला पोहे हवेत, करंजीला मैदा आणि खोबरं हवं. पुढच्या वर्षी, २०२३ च्या दिवाळीत, पिशवीत पोहे आणि मैदा आले. त्याबरोबर रवा आणि डाळ एका किलोवरून अर्ध्या किलोवर उतरली. जिन्नस चाराचे सहा झाले, शंभर रुपये मात्र तेच राहिले. पहिल्या वर्षी तर अनेक ठिकाणी चारही जिन्नस एकदम पोचलेच नाहीत. कुठे तेल आलं तर साखर नाही, कुठे ई-पॉस मशीन अंगठा घेईना. काही घरांत लाडू भाऊबीज उलटल्यावर वळले गेले.

पण सणाचा हिशेब इथे, खानदेशात, सरकारने सुरू केला नाही. तो आखाजीला सुरू होतो.

अक्षय्य तृतीयेला इथे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस होतो. त्याच दिवशी शेतकऱ्याच्या ओट्यावर दुसराही एक व्यवहार चालतो. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल संपतं आणि नवं साल ठरतं. वर्षाचे पैसे किती, त्यातली उचल किती, धान्य किती, कपडे किती, हे सगळं त्या एका बैठकीत बोललं जातं. पटलं नाही तर सालदार दुसरा मालक बघतो. म्हणून आखाजी ही सालदाराची वर्षातली एकमेव संधी असते, त्या दिवशी मालकालाही त्याची गरज असते. अलीकडे हे साल लाखाच्या पुढे गेलं आहे आणि सालदार मिळत नाही ही शेतकऱ्यांची रोजची तक्रार झाली आहे.

सणाचं देणं या ठरावात मुरलेलं असे. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल आणि शिंगांना रंग, तसे सालदाराच्या अंगावर नवे कपडे आणि पानात पुरणपोळी. बाहेरून बघणाऱ्याला ती मालकाची माया वाटे. आत मात्र दोघांनाही ठाऊक असे की ते बोलीत आलेलं आहे. माया नसायचीच असं नाही. पण माया आटली तरी कपडे ठरलेले होते.

बोलीत नसलेल्या देण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, पोस्त. दिवाळीत नोकरचाकर, पोस्टमन, झाडूवाला, पहारेकरी यांना जी बक्षिशी द्यायची ती पोस्त. वसुबारसेच्या सुमारास गुराखी दिवटी घेऊन गोठ्यागोठ्यात फिरायचा, गाई-म्हशींना ओवाळायचा, आणि घरधनीण त्याला धान्य, फराळ किंवा चार पैसे द्यायची. पोस्ताचा दर कुठेही लिहिलेला नव्हता. गेल्या वर्षी काय दिलं आणि शेजारणीने काय दिलं, या दोन गोष्टींवर तो ठरायचा. त्यामुळे पोस्त कमी झालं तर कुरकुर करता येई, भांडता येत नसे. सालदार आणि गुराखी दोघेही त्याच शिवारातले, त्याच घरांतून घेणारे. एकाचं देणं ठरावाचं होतं, दुसऱ्याचं रिवाजाचं.

राज्यकर्त्यांचं सणाचं देणंही तेव्हा होतंच, पण ते गरज बघून नव्हतं. पुण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या घरातून आलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली आणि ती लाखांच्या रकमेला पोचली. दक्षिणा ठरायची ती विद्येवर, परीक्षेवर. पोट किती रिकामं आहे हे कोणी विचारत नव्हतं. १८१८ साली पेशवाई बुडाली. पुण्यात इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने दक्षिणेची रक्कम वर्षाला ५० हजारांवर आणली. पुढे त्या पैशातला काही भाग संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज करून दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांवर खर्च करा अशी मागणी केली, तेव्हा शहरात चांगलीच खळबळ उडाली. देणं किती असावं यापेक्षा ते कोणाला असावं, यावर महाराष्ट्रातलं हे बहुधा पहिलं जाहीर भांडण.

दुसरं भांडण गिरण्यांच्या दारात झालं, आणि आज दीपनगरच्या कंत्राटी मजुराच्या खिशात जे काही पडतं त्याचं मूळ तिथे आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना भरमसाट नफा झाला. महागाईने कामगार गांजला होता. १९१७ साली मालकांनी पगारावर १० टक्के युद्ध बोनस दिला, नंतर तो १५ आणि ३५ टक्क्यांपर्यंत चढला. पुढे नफा घसरला आणि मालकांनी वर्षाला दिला जाणारा बोनस बंद केला. त्यावर १९२४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा, की बोनसवर कामगारांचा हक्क रूढीनेही नाही, कायद्यानेही नाही आणि न्यायबुद्धीनेही नाही. मालकाने खुशीने दिला तर घ्यावा. काही वर्षं मिळत आलेली रक्कम समितीच्या लेखी पोस्तच होती.

हा निष्कर्ष पुसायला ४१ वर्षं गेली. लवाद झाले, न्यायाधिकरणं झाली, मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला, आणि १९६५ साली बोनस प्रदान कायदा झाला. सुरुवातीला किमान बोनस ४ टक्के होता. १९७२ साली तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत पुन्हा खाली आला आणि १९७७ नंतर परत तिथेच गेला. ८.३३ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. कंपनीला तोटा झाला तरी तो द्यावा लागतो. नव्या वेतन संहितेतही हाच आकडा राहिला आहे.

२०१५ च्या दुरुस्तीने महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार या कायद्यात आला. बोनसचा हिशेब ७ हजार रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर होऊ लागला. ७ हजार धरले तरी वर्षाचे ८४ हजार, आणि त्यावर ८.३३ टक्क्यांनी जवळपास ७ हजार रुपये. वर्षात ३० दिवस काम केलेल्या कंत्राटी मजुरालाही, त्याने भरलेल्या दिवसांच्या प्रमाणात, तो लागू होता. कायद्यात दिवाळी हा शब्द नव्हता. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्या, एवढंच म्हटलेलं होतं. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर मुदत ३० नोव्हेंबरला भरते आणि दिवाळी त्याच्या आत येते.

आता वसाहतीतल्या कायम कर्मचाऱ्याकडे बघावं. वीज कंपन्यांतल्या बहुतेकांचा पगार २१ हजारांच्या वर आहे, म्हणजे ते बोनस कायद्याच्या बाहेर पडतात. त्यांना मिळतं ते सानुग्रह अनुदान, आणि सानुग्रह म्हणजे कृपेसह. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर संघटनांची निवेदनं जातात, मुंबईत बैठक होते, मग आकडा जाहीर होतो. मजुराची रक्कम लहान, पण कायद्यातली. कायम कर्मचाऱ्याची रक्कम मोठी, पण शब्दाने कृपेतली. अर्थात ताकदवान संघटना पाठीशी असली की कृपाही दरवर्षी वेळेवर येते. मजुराचा हक्क कागदावर पक्का असला तरी ठेकेदाराकडून तो वसूल करून देणारं कोणी नसतं, आणि आखाजीच्या सालदारासारखी दुसरा मालक बघण्याची सोयही त्याला क्वचितच असते.

रेशनच्या पिशवीमागे कायदाही नव्हता आणि संघटनाही नव्हती. २०२२ च्या दिवाळीनंतर ती २०२३ च्या गुढीपाडव्याला आली, गौरी-गणपतीला आली, दिवाळीला आली. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या निमित्ताने आली, त्याच वर्षी गणपतीतही आली. पिशवीवर नेत्यांचे फोटो असत. अंत्योदय कार्डावरच्या कुटुंबांसाठी वर्षाला एक साडीही सुरू झाली, एका साडीची किंमत ३५५ रुपये. २०२४ साली पालघर जिल्ह्यात जव्हारच्या बाजूला आदिवासी बायकांनी या साड्या आणि पिशव्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. आम्हाला साडी नको, काम द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. काम मागण्यासाठी महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आहे. साडी मागण्यासाठी कुठलाच नाही.

असं देणं निवडणुकीच्या वाऱ्याने कसं हलतं ते तमिळनाडूत स्वच्छ दिसतं. तिथे पोंगलला रेशन दुकानातून भेट मिळते. विधानसभा निवडणुकीच्या २०२१ साली तीत रोख २,५०० रुपये होते. २०२२ मध्ये रोख नाही, २१ वस्तूंची पिशवी मिळाली. २०२३ मध्ये रोख १,००० आले, आणि २०२५ मध्ये पुन्हा काहीच रोख नव्हतं. पोंगलच्या भाताला लागणारा तांदूळ आणि गूळ मात्र दरवर्षी तेवढाच लागतो.

महाराष्ट्रात पिशवीची जागा रोख रकमेने घेतली. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३ हजार रुपये खात्यांत जमा झाले. राजकारण्यांनी त्याला ओवाळणी म्हटलं. योजनेचा वार्षिक खर्च तेव्हा ४६ हजार कोटी सांगितला गेला होता. २०२५ च्या गणपतीत आनंदाचा शिधा आला नाही, दिवाळीतही आला नाही. लाडक्या बहिणीवरच्या खर्चामुळे बाकीच्या योजनांवर ताण पडतो, असं अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी सांगितलं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, असं लिहिलेलं आहे. सरकारं बदलली, भाव बदलले, २०२३ पासून धान्य मोफत झालं. किलोचा आकडा हलला नाही. २०२५ च्या दिवाळीत दीपनगरच्या आसपासच्या गावांतल्या कार्डधारकांना त्या कायद्यातलं धान्य होतं. रवा, डाळ, साखर आणि तेल त्यांना बाजारभावाने, किराणा दुकानातून आणावं लागलं.