मुंबई बेटांची निसर्गचित्रे

मुंबई बेटांची निसर्गचित्रे : मुंबईची सात बेटे आणि लगतचा साष्टी-घारापुरीचा परिसर यांची, मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय चित्रकारांनी केलेली दृश्यचित्रे. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा व धाकटा कुलाबा या बेटांचा खडक सु. ६ ते ६·५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झालेला आहे. मलबार टेकडीपासून वरळीपर्यंतच्या बेसाल्टाचे थर पश्चिमेकडे कललेले असल्याने टेकड्यांचा समुद्राकडील उतार सौम्य व पूर्वेकडील कडा तीव्र दिसतो. वरळीच्या लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकात तर बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. चित्रकारांना हे ठाऊक नव्हते. ‘दक्षिण ट्रॅप’ ही संज्ञा डब्ल्यू. एच. साइक्सने १८३३ मध्ये रूढ केली. तोवर यांतील महत्त्वाची चित्रे होऊन गेली होती.

दूरच्या ज्वालामुखीजन्य बेटांकडे चित्रविषय म्हणून पाहण्याची दृष्टी यूरोपला प्रामुख्याने पॅसिफिकमधील सफरींनी दिली. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत (१७७२–७५) विल्यम हॉजेसने (१७४४–९७) ताहिती व ईस्टर बेटांची चित्रे काढली. पुढे तो भारतातही येऊन गेला. मुंबईकडे मात्र आला नाही.

ती उणीव जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराने भरून काढली. १७९१ मध्ये तो मुंबईस आला. व्यवसायाने तो व्यक्तिचित्रकार. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. मुंबईत १७९१ व १७९२ या दोन वर्षांत केलेल्या रेखाटनांवरून तयार झालेला बारा दृश्यांचा संच लंडनमध्ये १८०० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मलबार टेकडी, शीवचा किल्ला, घारापुरी अशा उंच वा मोकळ्या ठिकाणांहून त्याने खाड्या, ताडमाडांची बने, भरतीची खाजणे आणि मागील डोंगररांगा टिपल्या. ही ठिकाणे बहुधा किल्ल्यांची वा इंग्रजांच्या बंगल्यांची होती, हे विसरता येत नाही. कोळीवाड्यातून ही बेटे कशी दिसत, ते या चित्रांत शोधणे व्यर्थ आहे.

चित्रातील अग्रभागी झाडे योजून दृश्य चौकटीत बसविण्याचा तत्कालीन संकेत वेल्सनेही पाळला आहे. त्यामुळे जवळची झाडी पुरावा म्हणून फारशी विश्वसनीय नाही. दूरची क्षितिजरेषा मात्र आहे. लेण्यांच्या मोजमापी रेखाटनांत रमलेल्या या चित्रकाराने डोंगरांच्या कडा सहसा मनाने रचल्या नसाव्यात. साष्टीतील लेण्यांची रेखाटने करीत असतानाच त्याचा ठाणे येथे मृत्यू झाला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅन्येलने १८०३ मध्ये चित्रसंच प्रसिद्ध केला. चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाच्या पुढाकाराने पुण्यात निघालेल्या चित्रशाळेत वेल्सच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबट यानेही लेण्यांची रेखाटने केली. बेटांची दृश्ये रंगविण्याची परंपरा मात्र या शिष्यवर्गातून उभी राहिली नाही.

वेल्सने चित्रण केले, तेव्हा मुंबई व वरळी यांमधील खिंडार बुजविणारा हॉर्नबी बांध (सु. १७८४) नुकताच झाला होता आणि त्याच्या संचात या बांधाचेही दृश्य आहे. म्हणजे बेटे बेटपण गमावू लागली, त्याच सुमारास त्यांची चित्रे निघाली. त्यानंतर शीव, कुलाबा (१८३८) व माहीम (१८४५) येथे बांध झाले, काही टेकड्या फोडून त्यांचा दगड भरणीस वापरण्यात आला आणि मूळ किनारा बुजला. चित्रकारांचे लक्षही हळूहळू शहराकडे वळले. मूळच्या गोमंतकीय जोसे एम. गोन्साल्विस याच्या १८२६ च्या सुमाराच्या शिलामुद्रित दृश्यांत इमारती व रस्ते प्रमुख आहेत. टेकड्या व खाड्या मागे पडल्या आहेत. जुन्या किनाऱ्याचा माग नकाशांवरून लागतो. पण भरतीच्या वेळी तो डोळ्यांस कसा दिसे, हे जाणण्यासाठी वेल्सच्या चित्रांकडेच वळावे लागते.