गिलाव्यातली भोके आणि ती बुजवणारे

एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवणे हे कष्टाचे काम आहे. हस्तलिखिताचे पान फाटले, कसर लागली, चार अक्षरे गेली. तिथे संपादकाने काय करावे, हा प्रश्न फळ्यावर मांडला की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. म्हणून आम्ही हल्ली अजिंठ्याचा दाखला देतो. शैक्षणिक सहलीत सतराव्या लेण्यात गेल्यावर मुले चित्रे पाहतात. आम्ही चित्रांमधल्या मोकळ्या जागा दाखवतो. भिंतीवर आणि छतावर ठिकठिकाणी सपाट, मातकट ठिगळे आहेत. ती कोणी बुजवली, कशाने बुजवली, आणि बुजवताना काय गमावले, याचा इतिहास चित्रांच्या इतिहासाइतकाच वाचनीय आहे. त्याची वाच्यता मात्र फारशी होत नाही.

आधी गिलावा समजून घ्यायला हवा. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत, म्हणजे ती ‘फ्रेस्को’ नव्हेत. ती कोरड्या पृष्ठभागावर, डिंक-सरसासारख्या बंधकात रंग कालवून काढलेली आहेत. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या काळ्या कातळावर मातीचा थर, त्यावर पांढरा पातळ हात, आणि मग रंग. मातीत भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले. आपल्याकडे कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या बायकांना याचे कारण सांगावे लागत नाही: नुसती माती वाळताना तडकते, तुसाने ती धरून राहते. परंतु ज्या तुसाने गिलावा शतकानुशतके धरून ठेवला, तेच किड्यांचे अन्न ठरले. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे दाखवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि किडीचा उपद्रव अजिंठ्यालाच अधिक झाला. त्यात कातळाच्या भेगांतून पाझरणारे पावसाळी पाणी आणि वटवाघळे यांची भर पडली. गिलावा आधी कातळापासून सुटतो, फुगतो, बोटाने वाजवला तर पोकळ बोलतो. आणि एके दिवशी खपली पडते. छतावर हे सारे अधिक वेगाने होते, कारण तिथे मातीचे वजनच तिच्या विरुद्ध असते.

निसर्गाने पाडलेल्या भोकांत माणसांनी पाडलेल्यांची भर आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहासाठी आकृत्या भिंतीवरून सोलून काढल्या. अजिंठ्याचा एक तुकडा आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनीही इजा केली, ती प्रेमापोटी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात इथे काम करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी चित्रांवर व्हार्निश फिरवले. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या. रॉबर्ट गिलच्या त्याआधीच्या प्रतींची गतही १८६६ मध्ये तीच झाली होती. नकला गेल्या, आणि मुळावरचे व्हार्निश राहिले.

आता खरी दुरुस्ती. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या काळात लोरेन्झो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ आपल्या ओर्सिनी नावाच्या सहायकासह १९२० ते १९२२ या दोन हंगामांत इथे आले. त्यांनी सुटलेला गिलावा कातळाला पुन्हा चिकटवला, खपल्यांच्या उघड्या कडा बांधून घेतल्या. हे काम झाले नसते तर आज जे दिसते त्यातले बरेचसे जमिनीवर आले असते, हे निःसंशय. पण रंग घट्ट राहावेत म्हणून त्यांनी लाखेचा लेप दिला. लाख काळानुसार पिवळी, मग तपकिरी होते, आणि जुनी झाली की सहजासहजी विरघळत नाही. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली तेव्हा पहिले मोठे काम उरले ते आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करण्याचे. सर्वेक्षणानेही पुढे पॉलिव्हिनाइल असिटेटसारखे कृत्रिम लेप वापरले, आणि कालांतराने तेही काढावे लागले. चेक्कोनींना दोष देणे सोपे आहे; त्या काळातल्या उत्तम ज्ञानानुसार ते वागले, आणि त्यांच्यानंतरचेही.

याच इटलीत १९३९ मध्ये रोमला दुरुस्तीची केंद्रीय संस्था निघाली आणि चेझारे ब्रांदी यांनी एक साधा नियम रुजवला: भोक बुजवा, पण बुजवलेले जवळून ओळखू येऊ द्या. तिथले कारागीर रिकाम्या जागेत बारीक उभ्या रेघांनी रंग भरतात. दुरून चित्र सलग दिसते, हातभर अंतरावरून रेघा दिसतात. अजिंठ्यातल्या मातकट ठिगळांमागची वृत्ती याहून संयमी आहे. तिथे कोणी नवा हात, नवा डोळा काढून जोडलेला नाही. या सपाट जागांनी निराश होणारा प्रेक्षक आम्ही पाहिला आहे. ‘एवढा खर्च करतात, तर रंगवून का टाकत नाहीत?’ असे एका पालकाने आम्हाला विचारलेही होते.

वर्गात आम्ही या ठिकाणी पुण्याकडे वळतो. चेक्कोनी येण्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले होते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या आवृत्तीत जिथे पाठाची खात्री पुरेशी नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. आमच्या दृष्टीने ती रेघ आणि ब्रांदींच्या उभ्या रेघा एकाच घरातल्या आहेत. त्याहून मागे, शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्याची त्यांची उपमा विद्यार्थ्यांना लगेच पटते. मात्र एकनाथांनी स्वतः कुठे काय बदलले, त्याची रेघ त्यांनी ठेवली नाही, हेही त्याच तासाला सांगावे लागते.

एका भोकाबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्र ओरखडून, आपले नाव आणि तारीख कोरली. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, चित्रावरची ती जखम आहे, बुजवायला हवी. दुसऱ्याचे म्हणणे, ते आता कागदपत्र झाले आहे. गेल्या सहलीत मुलांनी ते शोधले तेव्हा ते त्यांच्या डोक्याच्या बरेच वर सापडले. स्मिथ आत आला तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. तो ढीग किती उंच होता, ते आज त्या ओरखड्यावरूनच कळते.