काठवट आणि करडई

परभणीच्या काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीबरोबर करडईही पिकत आली. एकाच रानातून भाकरीही येई आणि काठवटीला चोळायचे तेलही. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. म्हणून ते हवेने हळूहळू सुकते आणि लाकडावर पातळ थर धरते. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही. पुढे स्टीलच्या पराती आल्या, काटेरी करडईचा पेराही घटला. १९७२ साली येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याने करडईचा ‘परभणी कुसुम’ हा वाण दिला. तेव्हा माळ्यावरची काठवट खाली काढावी. धुऊन सावलीत वाळवावी, करडईचे तेल थोडेसेच चोळावे, वरचे पुसून आठ-पंधरा दिवस उघडी ठेवावी. पाण्यात मात्र भिजत टाकू नये. लाकूड फुगते, वाळताना तडकते.