शर्ले टेंपल यांचें दुसरें आयुष्य

राजदूत म्हणून कोणास पाठवावें याविषयींची अमेरिकेची रीत इतर पुष्कळ राष्ट्रांहून निराळी आहे. परराष्ट्रखात्यांत आयुष्य घालविलेल्या अधिकाऱ्यांबरोबरच अध्यक्षांच्या पक्षाला निवडणुकींत हातभार लावणारे व्यापारी, वकील आणि देणगीदार हेहि तेथें राजदूत होतात, आणि लोकांना त्याचें फारसें नवल वाटत नाहीं. असें असूनहि १९७४ सालीं अध्यक्ष फोर्ड यांनीं घाना देशाच्या राजदूतपदीं श्रीमती शर्ले टेंपल ब्लॅक यांची नेमणूक केली, तेव्हां अनेकांना हंसूं आवरलें नाहीं. देणगीदाराच्या बाबतींत जें क्षम्य ठरतें, तें एके काळच्या बालनटीच्या बाबतींत क्षम्य ठरेना. कुरळ्या केसांची, गालांना खळ्या पडणारी, ठुमकत नाचणारी सहा वर्षांची पोर सर्वांच्या डोळ्यांपुढें उभी होती. शेहेचाळीस वर्षांच्या बाई कोणाला दिसतच नव्हत्या.

आपल्या मराठींत पोरीला ‘ती’ आणि प्रौढ स्त्रीला ‘त्या’ म्हणण्याची सोय आहे. इंग्रजींत ती नाहीं. या बाईंना मोठें होऊं देणें तिकडच्या लोकांना इतकें जड गेलें, त्याचें एक कारण कदाचित् हेंहि असेल! विनोद बाजूस ठेवला, तरी ‘ती’ कोठें संपली आणि ‘त्या’ कोठें सुरू झाल्या, हें या चरित्रांत खरोखर पाहण्यासारखें आहे.

शर्लेचा जन्म २३ एप्रिल १९२८ रोजीं कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका येथें झाला. वडील बँकेंत नोकरीस. आईला मुलीच्या नाचण्याचें फार कौतुक. तिसऱ्या वर्षीं मुलगी नृत्यशाळेंत गेली आणि तेथेंच चित्रपटवाल्यांच्या नजरेस पडली. तिचे पहिले चित्रपट आंखूड होते. लहानग्यांना मोठ्यांचे पोशाख चढवून मोठ्यांच्या चित्रपटांची नक्कल करावयास लावायची, असा त्यांचा प्रकार. जें मूल ऐकत नसे त्याला एका काळ्या बंद पेटींत बर्फाच्या लादीजवळ एकटें ठेवीत, असें पुढें आत्मचरित्रांत लिहून ठेवलेलें आहे. ही हकीकत तक्रारीच्या सुरांत सांगितलेली नाहीं. कामांत वेळेची किंमत काय असते तें आपल्याला त्या पेटीनें शिकविलें, असाच तिचा भाव आहे. वाचणाऱ्याला मात्र ती पेटी सहजासहजीं विसरतां येत नाहीं.

१९३४ सालीं फॉक्स कंपनीच्या चित्रपटांतून ती पुढें आली आणि वर्ष संपतां संपतां अमेरिकेंत घराघरांत पोंचली. १९३५ ते १९३८ अशीं लागोपाठ चार वर्षें प्रेक्षक खेंचण्यांत तिचा क्रम पहिला होता. दिवस जागतिक मंदीचे. लाखों हातांना काम नव्हतें. अशा काळांत आईबापांवेगळी, पण कधीं न कुरकुरणारी, रुसलेल्या म्हाताऱ्यांना हंसविणारी ही मुलगी लोकांना हवीहवीशी वाटली. तिच्या बाहुल्या विकल्या जात, तिच्यासारखे झगे विकले जात. कंपनीनें तिचें वय एक वर्षानें कमी करून जाहीर केलें होतें, आणि हें खोटें इतकें पक्कें मुरलें कीं बाराव्या म्हणून साजऱ्या झालेल्या वाढदिवसाच्या सुमारास आपल्याला तेरा वर्षें झालीं आहेत हें खुद्द तिला समजलें. स्वतःच्या आयुष्यांतलें एक वर्ष दुसऱ्यांच्या हिशेबवहींत जमा झाल्याचें असें उदाहरण विरळा.

या चित्रपटांपैकीं १९३५ मधील ‘द लिटल कर्नल’ याची नोंद इतिहासाच्या दृष्टीनें वेगळी करावयास हवी. बिल रॉबिन्सन हा त्या काळचा थोर निग्रो नर्तक आणि ही गोरी पोर यांनीं जिन्याच्या पायऱ्यांवर केलेला नाच त्यांत आहे. काळा पुरुष आणि गोरी मुलगी जोडीनें नाचतांना अमेरिकन पडद्यावर त्यापूर्वीं दिसलीं नव्हतीं. दक्षिणेकडील राज्यांत, दोघांनीं एकमेकांचा हात धरल्याचा भाग कापून चित्रपट दाखवीत. चित्रपटांतला रॉबिन्सन नोकरच आहे, हें खरें. तरी त्या मुलीला नाचाची लय शिकविणारा गुरु तोच होता, आणि ती त्याला काका म्हणे.

त्यानंतर दोन वर्षांनीं तिचा संबंध हिंदुस्थानाशीं आला, अर्थात् पडद्यावर. मुंबईंत जन्मलेल्या किप्लिंगच्या ‘वी विली विंकी’ या कथेवरून जॉन फोर्डनें १९३७ सालीं चित्रपट काढला. मूळ कथेंतल्या मुलाची मुलगी झाली, आणि वायव्य सरहद्दीचे डोंगर कॅलिफोर्नियांत उभे राहिले. गोऱ्या सेनाधिकाऱ्याची नात पठाण सरदाराच्या मनांत शिरते आणि लढाई टळते, हें कथानक आपल्या वाचकांना कसें वाटेल तें सांगावयास नको. याच चित्रपटावर लिहितांना ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज लेखकानें असें सुचविलें कीं या मुलीच्या प्रौढ चाहत्यांची दृष्टि निर्मळ नाहीं. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १९३८ सालीं साडेतीन हजार पौंडांची भरपाई द्यावी लागली. ग्रीनच्या लेखणीचा थोडा फटकारा मुलीलाहि लागला, तो गैरच होता. तथापि मुलाकडे पाहतांना प्रेक्षक मूलच पाहतो असें नाहीं, हें त्याचें म्हणणें न्यायालयाच्या निकालानें खोटें ठरलें असें मला वाटत नाहीं.

पैशाची कथा याहून रोकडी आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला पोर जॅकी कूगन मोठा झाला तेव्हां त्याची लाखोंची कमाई आई आणि सावत्र बाप यांनीं संपविलेली निघाली. त्यानें १९३८ सालीं दावा केला, त्याच्या हातीं थोडेंसेंच लागलें; पण त्यामुळें १९३९ सालीं कॅलिफोर्नियांत बालनटांच्या कमाईचा कांहीं हिस्सा त्यांच्या नांवें राखून ठेवण्याचा कायदा झाला. शर्लेला या कायद्याचा उपयोग झाला असें दिसत नाहीं. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास हिशेब पाहिला, तेव्हां सुमारें ३२ लक्ष डॉलरांच्या कमाईपैकीं तिच्या नांवें उरलेले निघाले अवघे ४४ हजार. वडिलांविषयीं तिनें यावरून कडवट शब्द काढलेला नाहीं. त्यांना पैशाचा व्यवहार कळत नव्हता एवढें म्हणून तिनें प्रकरण मिटविलें. ही क्षमा मोठी खरी. पण ती करण्याची पाळी मुलीवर यावी, हें कांहीं भूषणावह नाहीं.

१९४० सालचा ‘द ब्लू बर्ड’ पडला आणि कंपनीशीं संबंध सुटला. त्यापुढील दहा वर्षें शाळा, मधून मधून चित्रपट, सतराव्या वर्षीं लग्न, एक मुलगी आणि घटस्फोट यांत गेलीं. १९५० सालीं चार्ल्स ब्लॅक यांच्याशीं दुसरा विवाह झाला, आणि त्याच वर्षीं चित्रपटांचा निरोप घेतला. येथून पुढें आपण ‘त्या’ म्हणूं. जगानें अद्याप म्हटलें नव्हतें. १९६७ सालीं कॅलिफोर्नियांतून प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठीं त्या रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या राहूं पाहत होत्या. व्हिएतनाम युद्धाला त्यांचा पाठिंबा. त्यांना हरविणारे पीट मक्लॉस्की हे स्वतः कोरियांत लढून आलेले, पण या युद्धाच्या विरुद्ध. हा पराभव योग्यच झाला असें आज वाटतें. मतदारांपुढें नांवाहून अधिक ठेवण्याजोगें त्यांच्यापाशीं तेव्हां फारसें कांहीं नव्हतें.

तें मिळालें प्रागमध्यें. त्यांच्या एका भावाला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंचा असाध्य रोग जडला होता, आणि या रोगाविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन करण्यांत त्यांचा हात होता. चेकोस्लोव्हाकियानें या संघांत यावें म्हणून त्या ऑगस्ट १९६८ मध्यें तेथें गेल्या. अलेक्झांडर डुबचेक यांच्या सुधारणांचा तो काळ, आणि त्यांची भेटहि व्हावयाची होती. ती झाली नाहीं. २० ऑगस्टच्या रात्रीं सोव्हिएट रशिया आणि त्याची दोस्त राष्ट्रें यांच्या फौजा देशांत शिरल्या. सकाळीं शहरांतून रणगाडे फिरत होते. सैनिकांवर मूठ उगारणारी एक निःशस्त्र स्त्री गोळी लागून पडतांना त्यांनीं आपल्या हॉटेलांतून पाहिली. पुढें परदेशीय लोकांच्या मोटारींच्या तांड्याबरोबर त्या पश्चिम जर्मनींत पोंचल्या. पडद्यावर एका पोरीच्या हंसण्यानें पठाणांची लढाई थांबली होती. येथें कोणाच्या हंसण्यानें कांहींच थांबणारें नव्हतें.

पुढच्या वर्षीं अध्यक्ष निक्सन यांनीं त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंतील शिष्टमंडळावर घेतलें. १९७२ सालीं त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. आधीं तपासणी, मग माझा निर्णय, असा आग्रह त्यांनीं डॉक्टरांपाशीं धरला. आणि शस्त्रक्रियेनंतर ही गोष्ट वृत्तपत्रांना उघड सांगितली. त्या काळीं हा शब्द बायका घरांतहि कुजबुजूनच उच्चारीत. शरीर पाहण्यासाठीं असतें असेंच जिला लहानपणापासून शिकविलें गेलें, तिनें हें करावें याला माझ्या मतें राजदूतपदाहून कमी मोल नाहीं.

घानांत त्या १९७६ पर्यंत होत्या. बाजारपेठेंत, खेड्यांत, स्त्रियांच्या सभांत त्या मनमोकळेपणें मिसळल्या. पण लोकप्रियतेच्या मर्यादाहि तेथेंच दिसल्या: १९७६ मध्यें परराष्ट्रमंत्री किसिंजर आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले असतां घानाच्या लष्करी सरकारनें त्यांची ठरलेली भेट रद्द केली. दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर अमेरिकेविषयीं जो अविश्वास होता, तो राजदूताच्या सौजन्यानें पुसला जाण्यासारखा नव्हता. त्यानंतर त्या राजशिष्टाचारखात्याच्या प्रमुख झाल्या. या जागेवर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

आणि मग १९८९ च्या उन्हाळ्यांत, एकवीस वर्षांनंतर, त्या राजदूत म्हणून पुन्हां प्रागमध्यें आल्या. राष्ट्राध्यक्ष होते गुस्टाव्ह हुसाक, म्हणजे डुबचेक यांच्या जागीं रशियाच्या संमतीनें आलेले गृहस्थ. गुप्त पोलिसांच्या खात्याचीं आद्याक्षरें ‘एस्-टी-बी’. शर्ले टेंपल ब्लॅक यांचींहि तींच. या योगायोगाची त्या स्वतःच थट्टा करीत. १७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, आणि त्यानंतर सहा आठवड्यांत सारी सत्ता ढांसळली. १० डिसेंबरला हुसाक पायउतार झाले. २८ डिसेंबरला डुबचेक संसदेचे अध्यक्ष आणि दुसऱ्या दिवशीं नाटककार व्हाक्लाव्ह हावेल राष्ट्राध्यक्ष निवडले गेले. ही क्रांति चेक आणि स्लोव्हाक जनतेची. तिचें श्रेय कोणत्याहि राजदूताला देणें हास्यास्पद होईल. पण १९६८ चें प्राग डोळ्यांनीं पाहिलेली व्यक्ति त्या आठवड्यांत वॉशिंग्टनला अहवाल पाठवीत होती, ही गोष्ट लहान नव्हे. नांवामुळें दारें उघडतात हें त्या मोकळेपणें कबूल करीत. आंत गेल्यावर बोलण्यासारखें जें होतें, तें मात्र हॉलिवुडनें दिलेलें नव्हतें.

१९९२ पर्यंत त्या तेथें होत्या. १ जानेवारी १९९३ रोजीं त्या देशाचीं दोन राष्ट्रें झालीं.

त्यांचें आत्मचरित्र १९८८ सालीं, म्हणजे प्रागच्या नेमणुकीआधीं, प्रसिद्ध झालें. पांचशेंहून अधिक पानांचा हा ग्रंथ मुख्यतः चित्रसृष्टीचा निरोप घेईपर्यंतचीच हकीकत सांगतो, आणि त्याच्या नांवांतच ‘बाल’ हा शब्द आहे. नंतरच्या आयुष्याचा दुसरा खंड लिहावयाचा त्यांचा मानस होता. १० फेब्रुवारी २०१४ रोजीं त्या वारल्या, तोंपर्यंत तो प्रसिद्ध झालेला नव्हता.