४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळविला असता येते, आणि ३, ५, १७, २५७, ६५५३७ या फेर्मा-संख्यांच्या मालिकेत, पहिल्या पदाचा क्रमांक शून्य मानण्याचा प्रघात असल्यामुळे, ती पाचवी गणली जाते. आधीची पाचही पदे मूळ संख्या आहेत. ही मात्र संयुक्त निघाली, आणि तिची सारी कीर्ती या एका वैगुण्यावरच उभी आहे.

तुलूझच्या न्यायसभेतील सल्लागार व गणिताचा हौशी उपासक प्येर द फेर्मा याने १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले, की या मालिकेतील प्रत्येक पद मूळच असावे. सिद्धता हाती नसल्याची कबुली देऊनही त्याचा विश्वास ढळला नाही. १७२९ मध्ये गोल्डबाखने ही बाब ऑयलरच्या नजरेस आणली, आणि १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतील या पंचवीस वर्षांच्या गणितज्ञाने ६४१ व ६७००४१७ हे दोन अवयव दाखवून दाव्याचा निकाल लावला. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

६४१ ची निवड वाटते तितकी आकस्मिक नाही. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीहून १ ने अधिक असावा लागतो, हे पुढे ल्यूकाने सिद्ध केले. त्या हिशेबाने १२९, २५७, ३८५ व ५१३ यांनंतर ६४१ चीच पाळी येते, आणि पहिल्या चारांत मूळ असलेली एकटी २५७ ही स्वतःच फेर्मा-संख्या असल्याने बाद होते, कारण आधीच्या पाचही पदांच्या गुणाकाराहून प्रस्तुत संख्या बरोबर २ ने मोठी आहे. प्रत्यक्ष भागाकाराचीही गरज नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, तसेच ६२५ अधिक १६. म्हणून ६४१ ने भागताना ६४० च्या जागी −१ घेता येतो, आणि ६४० चा चौथा घात, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, १ बाकी ठेवतो. त्यात ६२५ च्या जागी −१६ घातले की २ चा ३२ वा घात −१ शी जुळतो, व १ मिळविताच बाकी शून्य उरते.

हिची संयुक्तता वर्गांतूनही उघड होते: ६५५३६ व १ यांच्या वर्गांची बेरीज जशी ही संख्या देते, तशीच ६२२६४ व २०४४९ यांच्या वर्गांचीही देते, आणि मूळ संख्या अशी दोन प्रकारे कधीच मांडता येत नाही.

मौज अशी, की फेर्माच्याच प्रमेयावर आधारलेल्या कसोटीत २ हा आधार घेतला तर ही संख्या मूळ असल्यासारखी बिनबोभाट उत्तीर्ण होते. ३ हा आधार घेतला असता बिंग फुटले असते. मात्र त्यासाठी बत्तीस वेळा वर्ग करीत, त्यांतले बहुतेक आठ-दहा आकडी संख्यांचे, दरवेळी बाकी काढीत बसावे लागले असते, आणि ६४१ चा भागाकार त्याहून पुष्कळच सोपा होता.