उसावर चढणारे वेल, बांधापलीकडचा टोमॅटो : उशिरा तणनाशक मारण्याआधी हे वाचा

जुन्नर / आंबेगाव : मोठी बांधणी झाली, पावसाने ऊस वर उठला, की बहुतेक शेतकरी उसात जायचं बंद करतात. नेमक्या याच काळात बुडातून वेल निघतात आणि गणपती-नवरात्रापर्यंत उसाच्या शेंड्याला जाऊन भिडतात. दिवाळीच्या आसपास रस्त्याने जाताना निळी, लाल, पांढरी फुलं दिसायला लागली, की समजायचं आत दहा-दहा ऊस एकत्र बांधले गेलेत.

हे वेल प्रामुख्याने दोन प्रकारचे. पहिली हरणखुरी, जिला काही ठिकाणी चांदवेल म्हणतात. ही बारमाही. मुळं खूप खोल जातात आणि नांगराने तुटलेल्या मुळाच्या तुकड्यापासून पुन्हा रोप उभं राहतं. त्यामुळे रोटर मारून ती संपत नाही, उलट रानभर पसरते. दुसरा गट गणेशवेल आणि त्याच्या निळ्या फुलांच्या भावंडांचा. हे वेल बियांपासून येतात आणि एका हंगामात संपतात; मात्र बीचं कवच कठीण असल्याने ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि टप्प्याटप्प्याने उगवतं. बी मोठं असल्यामुळे खोलातूनही कोंब वर येतो. खोडव्यात पाचट पसरलं की बारीक बियांचं तण दबतं, हे खरं. वेल मात्र पाचटातून वर निघतो. ब्राझीलच्या ऊसपट्ट्यातही पाचट ठेवायला लागल्यापासून हाच अनुभव आहे.

नुकसान नुसतं अन्न-पाण्याच्या वाटणीचं नाही. वेलाच्या वजनाने ऊस लोळतो, लोळलेल्या उसाला पांगशा फुटतात, उंदीर लागतात. तोडणीला टोळी आली की वेल पाहूनच बोलणी सुरू होतात, जादा पैसे मागितले जातात. विघ्नहर असो की भीमाशंकर, मोळीत गुंतलेला वेल कारखान्याला नकोच असतो.

आधीचे चार महिने

लागणीनंतरचे पहिले साधारण चार महिने रान स्वच्छ राहिलं, तर निम्मी लढाई तिथेच संपते. लागणीनंतर वाफशावर मेट्रिब्युझिन ७० टक्के हे एकरी ६०० ग्रॅम किंवा लेबलवरच्या प्रमाणात अ‍ॅट्राझीन, ही जुनी व माहितीची शिफारस. जमिनीत ओल नसेल तर दोन्ही वाया जातात. उसात कांदा, लसूण, फ्लॉवर असं आंतरपीक असेल तर मात्र विचारल्याशिवाय कोणतंही तणनाशक मारू नये.

पुढे चार-पाच महिन्यांनी मोठी बांधणी होते. त्या वेळी उगवलेला वेल दोन-चार पानांचा असतो, मातीत गाडला जातो आणि रांगेत अजून माणूस नीट चालू शकतो. वेल आवरायची शेवटची सोपी संधी हीच. बांधणीनंतर पुन्हा उगवणारा वेल कोवळा असतानाच २,४-डी ला बळी पडतो. हे तणनाशक गवतवर्गीय उसाला प्रमाणात मारल्यास सहन होतं, रुंद पानाच्या तणाला नाही. हरळीवर त्याचा उपयोग नाही, आणि जुन्या हरणखुरीचा वरचा पाला जळाला तरी मुळातून ती पुन्हा फुटते. एका फवाऱ्यात तिचा नायनाट होईल असं दुकानात कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नये.

खरी अडचण शेजाऱ्याची

या दोन तालुक्यांत उसाला लागून टोमॅटो, द्राक्ष, काकडी, शेंगवर्गीय भाज्या असतात. नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो आणि कारखान्याला जाणारा ऊस यांच्यात कित्येकदा एक बांधच असतो. आणि टोमॅटो, द्राक्ष, कापूस ही पिकं २,४-डी ला फार नाजूक. लेबलवरच्या मात्रेचा अगदी थोडा अंश वाऱ्याने आला तरी पानं अरुंद, दोरीसारखी होतात, शेंडे पिळवटतात, फूल गळतं. अमेरिकेत कापूस पिकवणाऱ्या काही राज्यांनी या औषधाच्या वापरावर हंगामी बंधनं घातली ती याचमुळे.

बाजारात २,४-डी तीन रूपांत मिळतं : सोडियम सॉल्ट, अमाइन सॉल्ट आणि इथाइल एस्टर. यातलं एस्टर उन्हात वाफ होऊन उडतं. फवारा थांबल्यावरही ते हवेत फिरतं. भाजीपाल्याच्या शेजारी एस्टर नकोच. उरलेली दोन रूपं वाफेने कमी उडतात, पण बारीक थेंब वाऱ्याने जातातच. म्हणून जाड थेंबाचं नोझल, त्यावर टोपी, कमी दाब आणि भाजीच्या उलट दिशेने वाहणारा मंद वारा, हे सगळं जमलं तरच पंप उचलावा. उंच उसावर ड्रोनने २,४-डी मारायचा विचार काही जण करतात. शेजारी टोमॅटो असेल तर तो विचार सोडून द्यावा.

टोमॅटोचा शेंडा वळला की पहिला संशय व्हायरसवर जातो. २०२० च्या उन्हाळ्यात अकोले-संगमनेर भागात ‘तिरंगा’ची चर्चा झाल्यापासून तर जास्तच. फरक ओळखता येतो. तणनाशकाचा मार उसाकडच्या कडेला सगळ्यात जास्त असतो आणि आत जाईल तसा कमी होतो. सगळी झाडं दोन-चार दिवसांत एकदम वळतात, बांधावरची भेंडी किंवा रुंद पानाचं तणही वळतं. विषाणू मात्र मावा, पांढरी माशी यांच्यामार्फत येतो; तो विखुरलेल्या झाडांवर दिसतो आणि हळूहळू वाढतो. खात्री नसेल तर भांडण करण्याआधी फोटो काढून, झाडाचा नमुना घेऊन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. बऱ्याचदा दोष वाऱ्याचा नसतोच. उसाला वापरलेला पंप दुसऱ्या दिवशी टोमॅटोला वापरलेला असतो. नुसत्या पाण्याने धुऊन २,४-डी जात नाही. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणं परवडतं.

ऊस डोक्यावर गेला असेल तर

आता फवारा पोचत नाही आणि पोचवायचा प्रयत्नही करू नये. ग्लायफोसेट उसासाठी नाहीच. २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फत वापरायचं आहे. पॅराक्वाटवर उतारा नाही, तेव्हा दाट उसात ते पाठीवर घेऊन शिरणं जिवाशी खेळ. या टप्प्यावर विळ्याने वेल बुडातून, जमिनीलगत तोडावा आणि वरचा भाग तसाच वाळू द्यावा. ओढून काढायला गेलं तर ऊस मोडतो. गणेशवेलासारखे वेल याने मरतात. बोंडं वाळण्याआधी हे काम झालं पाहिजे, नाहीतर बी पडून पुढच्या खोडव्याची सोय होते. बांध, पाटाच्या कडा आणि चारीवरचे वेलही त्याच फेरीत कापावेत. बी तिथूनही रानात येतं.

एकट्याने मात्र हे काम करू नये. जुन्नर-आंबेगावचा ऊस म्हणजे बिबट्याचं घर, आणि वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसावर हल्ल्याचा धोका जास्त. तिघा-चौघांनी मिळून, उन्हं वर आल्यावर, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून शिरावं, आणि लेकरं बांधावर एकटी बसवू नयेत. उसात पिल्लं दिसली तर हात न लावता बाहेर पडून वन विभागाला कळवावं.