महाविद्यालयाची निवड व खर्चाचा हिशेब : काही ऐतिहासिक उदाहरणे

१८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि कशेळे-कर्जतसारख्या अंतर्भागास मुंबई व पुणे ही एकाच मार्गाची दोन टोके झाली. मुंबईचे एल्फिन्स्टन व पुण्याचे डेक्कन या महाविद्यालयांचे नातेही असेच होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचीच पदवी दोन्हीकडे मिळे. त्यामुळे गरीब विद्यार्थ्यापुढील प्रश्न पदवीचा नसून बहुधा राहण्याजेवण्याचा असे. 'वार लावून जेवणे' हा वाक्प्रचार त्या काळच्या अर्थव्यवस्थेचा भाषिक अवशेषच होय. मात्र ही सोय मुख्यत्वे ब्राह्मण मुलांपुरती होती, हे विसरून चालणार नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७९ साली वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवू लागले. १८८१ साली प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होताच गोखल्यांनी प्रथम कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय गाठले. ते कागलच्या घरापासून जवळ होते, आणि जवळ म्हणजे स्वस्त. पुढे डेक्कन व अखेरीस एल्फिन्स्टन असा त्यांचा प्रवास झाला. एल्फिन्स्टनमध्ये दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे मुंबईसारख्या महागड्या शहरातील शिक्षण भावाच्या वेतनावर अवलंबून राहिले नाही. १८८४ साली ते पदवीधर झाले.

त्यानंतरचा हिशेब अधिक बिकट होता. सनदी सेवेची परीक्षा लंडनला होई आणि वयोमर्यादा त्या काळी १९ वर्षांची होती. तो मार्ग अर्थातच बंद होता. स्थापत्यशास्त्र व कायदा यांकडे वळून पाहिल्यावर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची जागा पत्करली, व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन ७५ रुपयांवर २० वर्षे काम करण्याचे बंधन स्वीकारले. काटकसरीने मिळविलेली पदवी त्यांनी अशा रीतीने कमी वेतनाच्या कामी लावली. हा निर्णय आज उदात्त वाटतो. ज्या घराने ८ रुपये पाठविले, त्या घराच्या बाजूने मात्र त्याचा विचार क्वचितच होतो.

भीमराव आंबेडकर यांना वार लावून जेवण्याची वाट उपलब्धच नव्हती. १९०८ साली ते एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीसोबत मात्र बडोदे संस्थानात १० वर्षे नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठविलेली रक्कम, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर.